विद्यार्थ्यांना स्वतःच्या चुकांची नोंद ठेवायला लावणारा डॉक्टर : विल्यम ऑस्लर

एमबीबीएस करणाऱ्या एखाद्या मित्राला लॉगबुकमधल्या ‘रिफ्लेक्शन’बद्दल विचारून बघा. आज काय पाहिलं, कुठे चुकलं, त्यातून काय शिकलो, हे त्यात लिहायचं असतं. भारतात २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून याला महत्त्व आलं. पण अनेकांसाठी ती फक्त सरांची सही मिळवण्यापुरती लिखापढी असते.

शंभर वर्षांपूर्वी मात्र एका डॉक्टरला हीच गोष्ट डॉक्टरकीचा पाया वाटत होती. त्यांचं नाव विल्यम ऑस्लर.

ऑस्लर यांचा जन्म १८४९ चा, कॅनडातल्या ओंटारिओचा. वडील पाद्री होते. मुलगाही त्याच वाटेने निघाला होता, पण मध्येच वैद्यकाकडे वळला. १८७२ मध्ये मॅकगिल विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. पुढे मॉन्ट्रियलमध्ये त्यांनी शेकडो शवविच्छेदनं केली. जिवंतपणी केलेलं निदान किती बरोबर आणि किती चूक होतं, ते शवविच्छेदनाच्या टेबलावर उघडं पडायचं. स्वतःचं काम तपासून बघायची सवय त्यांना तिथे लागली.

१८८९ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात औषधवैद्यक विभागाचे प्रमुख झाले. १८९३ मध्ये तिथे मेडिकल कॉलेज सुरू झालं. तेव्हा अमेरिकेतले बरेच विद्यार्थी नुसती लेक्चर्स ऐकून डॉक्टर व्हायचे. ऑस्लरनी त्यांना थेट वॉर्डात आणलं. रुग्णाशी बोलायचं, तपासायचं, केस लिहायची आणि सगळ्यांसमोर मांडायची, ही जबाबदारी विद्यार्थ्यांवर आली. शनिवारी संध्याकाळी ते विद्यार्थ्यांना घरी बोलवायचे. तिथे आठवड्यातल्या केसेसवर आणि पुस्तकांवर गप्पा रंगायच्या.

१९०५ मध्ये ऑक्सफर्डला जाण्यापूर्वी त्यांनी विद्यार्थ्यांना निरोपाचं भाषण दिलं. त्यातला एक सल्ला साधाच होता. केसेसच्या नोंदी ठेवा आणि त्यांचे तीन भाग करा. स्पष्ट समजलेल्या, शंका असलेल्या आणि चुकलेल्या. दुसऱ्याच्या चुकीकडे दयेने बघा, पण स्वतःला सूट देऊ नका.

यातला तिसरा भाग सगळ्यात अवघड. चूक कबूल केली तर मार्क जातील, सर ओरडतील, ही भीती विद्यार्थ्यांना तेव्हाही होती आणि आजही आहे. पण लपवलेली चूक पुढच्या रुग्णाच्या वाट्याला पुन्हा येते.

१९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात त्यांचा मुलगा रिव्हिअर मारला गेला. त्या धक्क्यातून ते पुरते सावरले नाहीत. दोन वर्षांनी छातीच्या आजाराने त्यांना गाठलं. तेव्हाही ते स्वतःच्या आजाराकडे एखाद्या केससारखं बघत होते. आपलं शवविच्छेदन आपल्याला बघता येणार नाही, याची त्यांना हळहळ वाटली, असं सांगतात.

२९ डिसेंबर १९१९ रोजी ते गेले. त्यांचं वैद्यकावरचं पाठ्यपुस्तक जगभर गाजलं होतं. पण आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवलं, एवढीच ओळख मागे राहावी, अशी त्यांची इच्छा होती.