कै. डॉ. पंजाबराव देशमुख आणि विद्यापीठाचे ऋण

विदर्भातील कृषक समाजात ज्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, त्या कै. डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख यांचा अल्प परिचय या स्मरणिकेच्या वाचक बंधुभगिनींस करून देताना आम्हांस धन्यता वाटते.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते विलायतेस गेले. एडिंबरो येथे एम. ए., ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर डॉक्टरेट आणि पुढे बॅरिस्टरीची सनद मिळवून ते स्वदेशी परतले.

एवढी विद्या पदरी असता ती त्यांनी केवळ अर्थार्जनात खर्ची घातली नाही. अमरावतीस सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले; १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. स्वतःचा विवाहही त्यांनी जातीबाहेर केला, हे ज्ञातिसंस्थेच्या सभासदांनी विशेष ध्यानी ठेवावे. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजी ते निवर्तले.

२० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. आपल्या सिंदेवाही येथील धान संशोधन केंद्र याच विद्यापीठाचे होय.

परंतु ज्ञान विद्यापीठातून बांधीकडे वाहते, तसेच ते बांधीतून विद्यापीठाकडेही वाहते. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे हे जेमतेम प्राथमिक शिक्षण झालेले अल्पभूधारक. १९८३ साली आपल्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, वर्षानुवर्षे पेरून त्यांनी ‘एचएमटी’ हे वाण सिद्ध केले. विद्यापीठाने १९९८ साली ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने शुद्ध केलेले वाण प्रसृत केले. मूळ शोधाचे श्रेय आपणांस मिळाले नाही, ही खंत दादाजींनी अनेकदा बोलून दाखविली. २०१८ साली ते वारले. शेतकऱ्याच्या कैवाऱ्याचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठावर हे ऋण उरलेच आहे, असे आम्हांस वाटते.

२०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. चंद्रपूर व गडचिरोलीच्या मुलांस पदवीसाठी आता नागपूर विद्यापीठाकडे पाहावे लागत नाही. पदवी घरात आली म्हणजे विद्यापीठाचे कार्य संपले, असे मात्र आपण मानू नये. शिकलेल्या मुलाने बांधावरच्या वडिलांस चार गोष्टी सांगाव्यात आणि त्यांच्याकडून चार शिकूनही घ्याव्यात. हीच भाऊसाहेबांस खरी आदरांजली ठरेल.