सत्काराच्या दिवशी हिशेब मांडणारे बाबासाहेब

वर्धापनदिन आला की आपण पंचरंगी पताका लावतो, वंदना घेतो, पाहुण्यांना हार घालतो, भोजनदान करतो. ते झालंच पाहिजे. वर्षभर राबणाऱ्या माणसाला एक दिवस आनंदाचा नको का? पण परमपूज्य बाबासाहेब अशा सत्काराच्या दिवशी काय करीत, हे आपल्या भांडुपच्या वस्तीतल्या पोरांना कोणी सांगत नाही. जन्म, महाड, घटना, दीक्षा एवढं त्यांना पाठ असतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले भीमराव परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यास करून 1907 साली मॅट्रिक झाले. समाजाला त्याचं केवढं अप्रूप! सभा भरली, अध्यक्ष सीताराम केशव बोले. हा बाबासाहेबांचा पहिला सत्कार. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. शाल दिली असती तर विरली असती. पुस्तक मात्र 49 वर्षांनी दीक्षाभूमीपर्यंत पोचलं. त्याच बोल्यांनी 1923 साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला आणि त्याच ठरावाच्या आधाराने 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत आलं. सत्कार करणारी माणसं कशी असावीत, तेही यातून कळतं.

कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी हे सर्वांना ठाऊक आहे. आम्हा गिरणीवाल्यांना जवळची वाटते ती दुसरीच गोष्ट. पूर्वी साचाखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कांडी संपली की धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागे, म्हणून विटाळ! पगार मात्र त्याच खात्यात जास्त. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. एकजुटीच्या घोषणा चालल्या असताना आपल्याच घरातला भेद दाखवायला धाडस लागतं. पुढे 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. आज पाळी संपवून जो घरी येतो त्याने हे लक्षात ठेवावं.

आता 25 नोव्हेंबर 1949 चा दिवस बघा. घटनेचं काम संपत आलेलं, सभागृहात सर्वांच्या तोंडी त्यांचंच कौतुक. दुसरा कोणी असता तर छाती फुगवून बसला असता. बाबासाहेबांनी उभं राहून आधी कामाचा हिशेब दिला. मसुदा समिती 141 दिवस बसली. 7,635 दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मग श्रेय वाटून दिलं. कच्चा मसुदा करणारे बी. एन. राव, रात्रंदिवस लिहिणारे एस. एन. मुखर्जी, त्यांच्या हाताखालचे कर्मचारी, विरोध करून चर्चा जिवंत ठेवणारे सभासद, सगळ्यांची आठवण केली. आपण इथे फक्त दलितांचे हित राखायला आलो होतो, एवढी मोठी जबाबदारी मिळेल असं वाटलं नव्हतं, हेही सांगितलं. आणि त्यानंतर शिलकीत काय बाकी आहे तेही मांडलं. 26 जानेवारी 1950 पासून मताला समानता येईल, पण पोटापाण्यात आणि समाजात विषमता तशीच राहील, ती लवकर मिटवली नाही तर हा डोलारा कोसळेल. राजकारणात व्यक्तिपूजा केली तर हुकूमशाही येईल. ज्यांची पूजा चालली होती तेच हे सांगत होते!

28 ऑक्टोबर 1954 रोजी नायगावच्या पुरंदरे स्टेडियमवर त्यांचा हीरकमहोत्सवी सत्कार झाला. लाखावर रुपयांची थैली अर्पण झाली. ती त्यांनी समाजाच्या इमारतीच्या कामी लावायला सांगितली. भाषण स्वतःच्या मोठेपणावर केलं नाही. बुद्ध, कबीर, फुले हे आपले तीन गुरू आणि विद्या, स्वाभिमान, शील ही आपली दैवतं, एवढंच त्यांनी लोकांपुढे ठेवलं. घरून भाकरी बांधून आलेल्या मायबहिणींना त्या दिवशी थैलीहून मोठं काही मिळालं.

पण हिशेब नेहमी गोड निघत नाही. 18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत शरीर थकलेलं, मन त्याहून थकलेलं. शिकलेली माणसं समाजाचं काम करतील म्हणून आपण झटलो, ती मात्र स्वतःचं पोट भरण्यात गुंग झाली, हे दुःख त्यांनी भर सभेत बोलून दाखवलं. नोकरदारांनी पगाराचा विसावा भाग समाजाला द्यावा असं सुचवलं. आणि खेड्यातल्या भूमिहीनांसाठी आपण काही करू शकलो नाही, हा दोष स्वतःच्या नावावर घेतला. आपल्यात किती पुढारी असं बोलतील? आपल्या विहारातल्या नोकरदारांनी विसाव्या भागाचा आकडा एकदा कागदावर काढून बघावा.

14 ऑक्टोबर 1956 रोजी लाखो लोकांसह त्यांनी धम्मदीक्षा घेतली. एवढा मोठा दिवस, तरी विसावा नाही. 15 ला सकाळी पुन्हा भाषण, 16 ला चंद्रपूरला दीक्षा समारंभ. 5 डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या घरी त्यांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रं मागवून घेतली, नजरेखालून घालायला. 6 डिसेंबरला परिनिर्वाण झालं. ग्रंथ 1957 साली छापून आला.