गाठीच्या तापाला नाव देणारे डॉ. व्हिएगस

१८९७ च्या सुरुवातीला लालबाग-परळच्या गिरण्यांपुढे वेगळाच पेच होता. साचे होते, कापूस होता, पण ते चालवायला माणसे उरली नव्हती. कामगार बोचकी बांधून कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी निघून गेले होते. जे मागे राहिले, त्यांच्यासाठी नाक्यानाक्यावर बोली लागत होती आणि महिन्याच्या पगाराऐवजी रोजचा रोज पैसा द्यावा लागत होता. सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या मुंबईतून चार लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली, ती प्लेगच्या भीतीने. या रोगाला मुंबईत पहिल्यांदा उघडपणे नाव दिले ते मांडवीत दवाखाना चालवणाऱ्या एका गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरने. त्यांचे नाव अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस.

त्यांचा जन्म १ एप्रिल १८५६ चा, बारदेशातल्या हडफडे गावचा. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिक्षण झाले आणि १८८० मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते पहिल्या वर्गात पहिले आले. अशा गुणवान डॉक्टरला श्रीमंत वस्तीत जम बसवणे अवघड नव्हते. व्हिएगस यांचे काम मात्र मांडवीत चालले. बंदराला लागून असलेली ही वस्ती धान्याची गोदामे, अंधाऱ्या खोल्या आणि तुंबलेली गटारे यांनी भरलेली होती. इथले रुग्ण वाणी, भाटिया, मुसलमान, हमाली करणारे मराठी लोक. म्हणजे डॉक्टरांच्या धर्माचे आणि भाषेचे फारसे कोणी नाही. शोमरोनी माणसाची गोष्ट ख्रिस्ती घरांत लहानपणापासून सांगितली जाते. वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्याला उचलणारा तो खरा शेजारी, असा तिचा रोख आहे. व्हिएगस यांच्या नावाशी प्रवचने जोडलेली नाहीत. त्यांची श्रद्धा शोधायची तर या रुग्णांच्या खोल्यांतच शोधावी लागते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत तापाने माणसे पटापट दगावू लागली. ताप एकदम चढे, जीभ जड होई, आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ येई. प्लेगचा जंतू येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये दोनच वर्षांपूर्वी ओळखला होता. तो उंदरांच्या पिसवांमार्फत माणसाकडे येतो, हे अजून सिद्ध व्हायचे होते. प्रतिजैविके तर अर्ध्या शतकाने दूर. अशा वेळी निदान करायचे म्हणजे रुग्णाच्या अंथरुणाशी बसायचे आणि गाठ हाताने चाचपायची. नवरोजी हिलच्या दाटीच्या वस्तीत व्हिएगस हेच करत होते. यातला धोका लवकरच साऱ्या शहराला कळला. जानेवारी १८९७ मध्ये जे. जे. रुग्णालयाचे डॉ. मॅनसर प्लेगने गेले. त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाही पाठोपाठ गेली. मॅनसर यांचा आजार तर फुप्फुसाचा, म्हणजे श्वासावाटे पसरणारा प्लेग होता.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी व्हिएगस यांनी पालिकेच्या स्थायी समितीत सांगितले की हा ग्रंथिक प्लेग आहे. हे वाक्य साधे नव्हते. प्लेगचे नाव निघताच परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना अडवणार, व्यापार बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यामुळे संशयास्पद ताप असा गुळमुळीत शब्दच अधिकाऱ्यांना बरा वाटत होता. ज्यांच्या गोदामांवर गदा येणार होती ते व्यापारी व्हिएगस यांच्याच भागातले होते. पुढे तज्ज्ञांच्या चार स्वतंत्र पथकांनी तपासणी केली आणि निदान खरे ठरले.

सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईत बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. उष्णतेने मारलेल्या जंतूंची ही लस होती. ती घेतल्यावर ताप येई, दंड सुजे, आणि हातावर पोट असलेल्याचा रोज बुडे. त्यातच साथरोग कायद्याखाली घरांच्या झडत्या आणि रुग्णांची सक्तीने उचलबांगडी सुरू होती. सरकारी माणूस दिसला की लोक आजारी माणसाला लपवत. पुण्यात याच संतापाचा शेवट जूनमध्ये रँडच्या खुनात झाला. त्याआधी मार्चमध्ये, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या होत्या.

अशा वातावरणात व्हिएगस यांनी स्वतः सुमारे १८,००० लोकांना लस टोचली. या आकड्याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. सक्तीपुढे दारे बंद होत असताना इतक्या लोकांनी एका डॉक्टरपुढे दंड पुढे केला, तो बहुधा ओळखीच्या भरवशावर. घरात मरण आले तेव्हा हाच माणूस आत आला होता. दुसरीकडे वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नायनाट यांसाठीही त्यांनी पालिकेत सतत आवाज उठवला. पिसवांचा पुरावा हाती नसताना धरलेला हा रोख बरोबर निघाला.

१८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा लालबागच्या शेजारी, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी १९०५ पासून तिथे झालेल्या प्रयोगांनी पक्की केली. प्रयोगासाठी गिनीपिग ठेवत आणि त्यांच्यावर चढलेल्या पिसवा मोजत.

व्हिएगस १९०६ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. या पदावर आलेले ते पहिले भारतीय ख्रिस्ती. मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचाही त्यांनी आग्रह धरला होता. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर मुंबईतला प्लेग ओसरला होता. धोबी तलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभा आहे.