दोन दानिक आणि पाच दिरहम

हिजरी 428 चा रमजान महिना. इराणमधील हमदान शहरात एका जुम्म्याच्या दिवशी शेख बू अली इब्न सीना यांचे निधन झाले. ईसवी सन 1037. वय जेमतेम 57 वर्षांचे. युनानी हकीम त्यांना आजही अदबीने शेख-उर-रईस म्हणतात. युरोपने त्यांना अविसेना या नावाने ओळखले. शेकडो औषधांचे गुणदोष लिहून ठेवणाऱ्या या महान हकिमाचा अखेरचा आजार बळावला, तो मात्र औषधाची मात्रा चुकल्यामुळे.

इब्न सीना यांचा जन्म 980 मध्ये बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावी झाला. वडील अब्दुल्ला हे मूळचे बल्खचे आणि सामानी राजवटीतले अधिकारी. आईचे नाव सितारा. दहाव्या वर्षीच मुलाचे कुरआन पाठ झाले. हिंदी पद्धतीचा हिशेब शिकण्यासाठी वडिलांनी त्याला चक्क एका भाजीवाल्याकडे पाठवले. भारतातले अंकगणित तेव्हा बुखाऱ्याच्या बाजारात पोहोचले होते आणि ज्याला ते येते त्याच्याकडून शिकण्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

पुढे तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आणि वैद्यक. एखादा प्रश्न सुटला नाही की हा तरुण मशिदीत जाई, नमाज पढून दुआ मागे आणि रात्री दिव्याजवळ पुन्हा ग्रंथ उघडून बसे. ॲरिस्टॉटलचा एक ग्रंथ चाळीस वेळा वाचूनही उमगला नाही. मग बाजारात तीन दिरहमांना मिळालेल्या अल्-फाराबी यांच्या छोट्या पुस्तकाने तो उलगडला. त्या आनंदात दुसऱ्या दिवशी त्यांनी गरिबांना सदका वाटला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते रुग्ण तपासू लागले होते. बुखाऱ्याचे सुलतान नूह बिन मन्सूर आजारी पडले तेव्हा या पोरसवदा हकिमालाही दरबारात बोलावणे आले. त्या सेवेमुळे सुलतानांचे समृद्ध ग्रंथालय त्यांना खुले झाले.

वडील गेले, सामानी सत्ता कोसळली आणि इब्न सीना यांची भटकंती सुरू झाली. गुरगंज, जुरजान, रय, हमदान, इस्फहान अशी ती वाट होती. हमदानमध्ये ते वजीर झाले. तिथेच सैनिकांचे बंड त्यांच्यावर उलटले आणि पुढे चार महिने किल्ल्यात कैदही भोगावी लागली. या धावपळीतच ‘अल्-कानून’ हा त्यांचा पाच खंडांचा वैद्यक ग्रंथ सिद्ध झाला. बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला आणि पुढची काही शतके युरोपच्या विद्यापीठांत शिकवला गेला.

या ग्रंथाचा दुसरा खंड एकेरी औषधांचा आणि पाचवा मिश्र औषधांचा. औषध पारखायचे कसे, याचे नियमही त्यात आहेत. औषध शुद्ध असावे. ते एकाच साध्या आजारावर तपासावे, गुंतागुंतीच्या आजारावर नव्हे. आजार जेवढा, तेवढीच औषधाची ताकद असावी. गुण किती वेळाने येतो ते पाहावे आणि तो दर वेळी येतो का, हेही पडताळावे. जनावरावर लागू पडलेले औषध माणसाला लागू पडेलच असे नाही, म्हणून कसोटी माणसाच्या शरीरावरच व्हावी. थोडक्यात, औषधाची मात्रा आणि वेळ त्यांनी कधीच किरकोळ मानली नाही.

अखेरची वर्षे ते इस्फहानचे अमीर अलाउद्दौला यांच्याकडे होते. अमिरांबरोबर मोहिमेवर असताना त्यांना पोटशुळाने गाठले. लष्कर हलले आणि आपण मागे राहिलो तर काय, ही धास्ती. लवकर बरे व्हायचे म्हणून त्यांनी एका दिवसात आठ वेळा एनिमा घेतला. त्याने आतड्याला जखमा झाल्या. इतरांना जपून औषध देणाऱ्या हकिमाने स्वतःच्या बाबतीत घाई केली होती.

पुढच्या एनिम्यात त्यांनी दोन दानिक अजमोदाचे बी घालायला सांगितले. सहा दानिकांचा एक दिरहम होतो. उपचार करणाऱ्या एका वैद्याने त्यात घातले पाच दिरहम. म्हणजे सांगितलेल्या मात्रेच्या पंधरापट! आतड्याच्या जखमा आणखी चिघळल्या. पोटशुळामागोमाग झटके येऊ लागले होते. त्यांवर ते मिथ्रिदातूस नावाचे मिश्र औषध घेत. त्यात एका नोकराने भरमसाट अफू मिसळली. नोकरांनी त्यांच्या पैशांवर डल्ला मारला होता आणि धनी बरा झाला तर हिशेब द्यावा लागेल, ही त्यांना भीती होती.

ही हकिकत लिहिली त्यांचे शिष्य अबू उबैद जूजजानी यांनी. हे शिष्य पंचवीस वर्षे त्यांच्या सोबत होते. पाच दिरहम चुकून पडले की मुद्दाम घातले, हे आपल्याला ठाऊक नाही, कारण आपण त्या वेळी तिथे नव्हतो, असे त्यांनी प्रांजळपणे नोंदवले आहे. गुरूवरच्या प्रेमापोटी त्यांनी कुणावर आळ घेतला नाही आणि चूकही झाकली नाही. काय सांगितले, काय दिले आणि काय झाले, एवढे लिहून ठेवले. म्हणून हजार वर्षांनंतरही ती चूक नेमकी कुठे झाली ते कळते.

ती झाली हकिमाचा शब्द आणि रुग्णाचे शरीर यांच्या मधल्या जागेत. आज रुग्णालयात त्या जागी सिस्टर उभ्या असतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच प्रश्न त्या प्रत्येक इंजेक्शनआधी स्वतःला विचारतात. केसपेपरवरचा आकडा पटला नाही तर डॉक्टरांना पुन्हा विचारणे आणि औषध दिल्यावर लगेच नोंद करणे, हे त्यांचे कामच आहे. जोखमीच्या औषधाची मात्रा दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेतली जाते. यातला एखादाही प्रश्न त्या दिवशी विचारला गेला असता, तर दोन दानिकांचे पाच दिरहम झाले नसते.

रमजानमध्ये ही जबाबदारी वाढते. रोजा धरणारा रुग्ण कधी दुपारची गोळी परस्पर इफ्तारवर ढकलतो, तर कधी इन्सुलिन घेऊन जेवण टाळतो आणि संकोचाने काही बोलत नाही. सिस्टरनी आपुलकीने विचारले तर त्याने खरे सांगावे आणि औषधाच्या वेळा डॉक्टरांकडूनच बदलून घ्याव्यात. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे.

इस्फहानला परतल्यावर इब्न सीना थोडे सावरले, पण हमदानच्या वाटेवर आजार उलटला. शरीर आता साथ देणार नाही, हे ओळखून त्यांनी औषध थांबवले. चरित्रकार इब्न खल्लिकान लिहितात की त्यांनी तौबा केली, जवळचे धन गरिबांना वाटले, गुलामांना मुक्त केले आणि दर तीन दिवसांत कुरआनचे एक पठण पूर्ण करू लागले. रमजानमध्ये ते गेले. हमदानमध्ये त्यांची मजार आहे.

औषध ही देणाऱ्याच्या हातातली अमानत असते. इफ्तारची वेळ झाली तरी आधी समोरच्या रुग्णाची मात्रा मोजून देणारी आणि मगच खजूर तोंडात टाकणारी सिस्टर ही अमानत रोज सांभाळत असते.