कातळातून गेलेली वाट

घाटकोपर, भांडुप आणि मुलुंड या स्थानकांवरून रोज असंख्य लोक आगगाडीने ये-जा करतात. एका बाजूस साष्टीच्या टेकड्या आणि दुसऱ्या बाजूस ठाण्याची खाडी. त्यांच्यामधील सखल पट्टीतून हा लोहमार्ग गेला आहे. तो बांधणाऱ्या मुख्य अभियंत्याचे नाव जेम्स जॉन बर्कले.

बर्कले यांचा जन्म १८१९ मध्ये इंग्लंडात झाला. नामवंत अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली त्यांनी आपली विद्या संपादन केली. १८५० मध्ये ते मुंबईस आले आणि त्याच वर्षी शीव येथे कामास प्रारंभ झाला. मुंबई बेट व साष्टी यांच्यामध्ये दलदल होती. तेथे भराव घालावा लागला. अखेर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास देशातील पहिली प्रवासी गाडी गेली. अंतर होते एकवीस मैल.

खरी कसोटी पुढेच होती. दख्खनचा कापूस मुंबई बंदरात यावा, अशी सरकारची व व्यापाऱ्यांची इच्छा होती. परंतु वाटेत सह्याद्री उभा होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला आणि त्याचे थर एकावर एक थिजून हा काळा कातळ बनला. म्हणूनच सह्याद्रीचे कडे पायऱ्यांसारखे दिसतात. माणूस पायऱ्या चढतो. आगगाडीला मात्र संथ चढ लागतो. बर्कले यांनी बोरघाटाची वर्षानुवर्षे पाहणी केली. डोंगराच्या सोंडेवरून चढ, दरीवर पूल आणि कड्यातून बोगदा, अशी त्यांनी आखणी केली. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल!

१८५६ मध्ये काम सुरू झाले. मजूर दोराने कड्यावरून लोंबकळत सुरुंगाची भोके पाडीत. १८६१ मध्ये त्यांची संख्या चाळीस हजारांवर गेली होती. पटकीच्या साथीने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले. मजुरीवरून १८५९ मध्ये दंगा झाला आणि पुढच्याच वर्षी सरकारने अशा तंट्यांसाठी कायदा केला.

घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. लोककथा अशी की, मेंढरे चारणाऱ्या या धनगराने साहेबांना घाटाची वाट दाखविली. बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि तो प्राणास मुकला. ही कथा इतिहास नसेलही. परंतु डोंगराची वाट प्रथम तेथे राहणाऱ्यांनाच ठाऊक असते, हे सत्य तिने जपले आहे.

अतिश्रमाने बर्कले यांची प्रकृती ढासळली. ते मायदेशी परतले आणि १८६२ मध्ये, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, निधन पावले. पुढच्याच वर्षी बोरघाटातून गाडी धावली. ती पाहण्याचे भाग्य ना त्यांना लाभले, ना कातळ फोडताना मरण पावलेल्या मजुरांना. बर्कले यांचे नाव इतिहासात राहिले. त्या मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या हातांनी पडलेले बोगदे मात्र आजही उभे आहेत.