ड्रॅगनला प्रतिष्ठा मिळवून देणारा प्राध्यापक

जादू, ड्रॅगन, डोंगराच्या पोटात दडलेला खजिना आणि त्याच्या शोधात निघालेली वीरांची टोळी. अशा कथामालिका आज जगभरातील वाचक आवडीने वाचतात. तरीही मोठ्या माणसाच्या हाती असे पुस्तक दिसले, की भुवया उंचावतात. अद्भुताची ही आवड पोरकट आहे, असा समज जुनाच आहे. या समजाला विद्वत्तेने आणि प्रतिभेनेही उत्तर देणारा लेखक म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे कर्ते जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन.

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील तेथे बँकेत व्यवस्थापक होते. तिथली हवा मुलाला मानवेना म्हणून आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आली आणि काही महिन्यांतच, १८९६ मध्ये, वडिलांच्या निधनाची वार्ता आली. बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात आईने मुलांना स्वतः शिकवले. लॅटिनची गोडी तिनेच लावली, परीकथांची पुस्तकेही तिनेच हाती दिली. त्यांतील सिगर्ड आणि फाफनीर ड्रॅगनच्या गोष्टीने छोट्या रोनाल्डला झपाटून टाकले. सातव्या वर्षाच्या सुमारास त्याने स्वतःच ड्रॅगनची एक गोष्ट लिहिली. त्यातला 'हिरवा मोठा ड्रॅगन' आईला खटकला. 'मोठा हिरवा ड्रॅगन' असे म्हणायला हवे, असे तिने सुचवले. असे का, हा प्रश्न त्या मुलाच्या मनात घर करून राहिला. पुढे आयुष्यभर ज्यांनी त्याची सोबत केली, ते भाषा आणि ड्रॅगन असे एकाच वाक्यात भेटले होते.

आईचा सहवास फार काळ लाभला नाही. कॅथलिक पंथ स्वीकारल्याने नातेवाइकांनी तिला मदत नाकारली होती. १९०४ मध्ये मधुमेहाने तिचे निधन झाले. इन्शुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती. बारा वर्षांच्या रोनाल्डचे आणि त्याच्या धाकट्या भावाचे पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी स्वीकारले. सोळाव्या वर्षी रोनाल्डची भेट एडिथ ब्रॅट या अनाथ तरुणीशी झाली. शिक्षणात व्यत्यय येईल म्हणून फादरनी एकविसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत भेटीगाठींना मनाई केली. त्याने ती पाळली आणि एकविसाव्या वाढदिवशी तिला पत्र लिहून लग्नाची मागणी घातली.

मार्च १९१६ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढच्या काही महिन्यांतच लँकेशायर फ्युझिलियर्स या पलटणीतील संदेशवहन अधिकारी म्हणून टॉल्किन फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर दाखल झाले. शाळेपासूनचा त्यांचा चार मित्रांचा गट होता. साहित्याच्या क्षेत्रात काही तरी मोलाचे करून दाखवायचे, हे त्या चौघांचे स्वप्न होते. त्यांपैकी रॉब गिल्सन १ जुलैला, लढाईच्या पहिल्याच दिवशी मारला गेला. जेफ्री स्मिथ डिसेंबरमध्ये गेला. आपल्यापैकी जो मागे उरेल त्याने सर्वांच्या मनातले सांगावे, अशा आशयाचे पत्र त्याने आधीच टॉल्किन यांना लिहून ठेवले होते.

खंदकज्वराने आजारी पडल्याने टॉल्किन मायदेशी परतले आणि वाचले. आजारपणाच्या त्या दिवसांतच त्यांनी गॉन्डोलिन या गुप्त नगरीच्या पाडावाची कथा लिहायला घेतली. या नगरीवर चालून येतात ते आग ओकणारे ड्रॅगन आणि पोटात सैनिक घेऊन सरपटणारे लोखंडी राक्षस. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोमच्या भूमीवर जगात प्रथमच रणगाडे धावले होते, हे लक्षात घेतले, की ही कथा निव्वळ करमणूक उरत नाही.

युद्धानंतर ऑक्सफर्ड शब्दकोशाचे काम आणि लीड्स विद्यापीठातील अध्यापन करून १९२५ मध्ये ते ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक झाले. 'बिओवुल्फ' हे प्राचीन इंग्रजी महाकाव्य त्यांच्या अभ्यासाचा विषय होते. विद्वानांना त्यात रस होता तो जुन्या इतिहासाची साधनसामग्री म्हणून. नायकाने राक्षसांशी आणि शेवटी ड्रॅगनशी लढावे, हे त्यांना काव्याचे वैगुण्य वाटे. १९३६ मध्ये ब्रिटिश अकादमीपुढील व्याख्यानात टॉल्किन यांनी हा दृष्टिकोनच उलटा केला. ड्रॅगन हाच काव्याचा गाभा आहे, माणसाला अखेर हरवणाऱ्या मृत्यूला सामोरे जाण्याचे धैर्य त्यातूनच प्रकटते, असे त्यांनी मांडले. 'बिओवुल्फ'च्या अभ्यासाला या व्याख्यानाने नवे वळण दिले.

दरम्यान, परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थ्याने कोरे सोडलेले पान त्यांच्यासमोर आले होते. त्यावर त्यांनी सहज बिळात राहणाऱ्या एका हॉबिटबद्दल वाक्य लिहिले. त्यातूनच घरातल्या मुलांसाठी 'द हॉबिट' आकाराला आले. हस्तलिखित प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिले. त्याने एक शिलिंग मोबदला घेऊन अनुकूल अभिप्राय दिला. सप्टेंबर १९३७ मध्ये निघालेली पंधराशे प्रतींची पहिली आवृत्ती डिसेंबरपर्यंत संपली. यातला स्मॉग ड्रॅगन खवळतो तो खजिन्यातला एक पेला चोरीला गेल्यामुळे, अगदी 'बिओवुल्फ'मधल्यासारखाच!

प्रकाशकाने पुढचा भाग मागितला. तो पुरा व्हायला बारा वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत असलेल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, टॉल्किन लिहून झालेली प्रकरणे टपालाने पाठवत. कागद महाग असल्याने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाले. एक हजार पौंडांपर्यंत तोटा होईल, अशी प्रकाशकाची तयारी होती! एडमंड विल्सन यांच्यासारख्या मातब्बर समीक्षकाने १९५६ मध्ये त्याची पोरकट म्हणून संभावना केली. वाचकांचा कौल मात्र वेगळा होता. १९६५ मध्ये अमेरिकेत स्वस्त आवृत्त्या निघताच विद्यापीठांतील तरुणांनी ते डोक्यावर घेतले. २००३ मध्ये बीबीसीने घेतलेल्या कौलात ब्रिटिश वाचकांनी त्याला पहिली पसंती दिली. पीटर जॅक्सन यांच्या तिसऱ्या चित्रपटाने २००४ मध्ये अकरा ऑस्कर पटकावली.

अद्भुतकथा वाचणे म्हणजे वास्तवापासून पळ काढणे, या आक्षेपाला टॉल्किन यांनी १९३९ मधील व्याख्यानातच उत्तर दिले होते. कैद्याने तुरुंगाबाहेरच्या जगाचा विचार करणे आणि सैनिकाने रणांगणातून पळणे यांत फरक आहे, असे त्यांचे म्हणणे. रणांगण स्वतः अनुभवलेल्या माणसाचा हा युक्तिवाद होता, म्हणून त्याला वजन होते.

एडिथ १९७१ मध्ये गेल्या. २ सप्टेंबर १९७३ रोजी टॉल्किन यांनीही जगाचा निरोप घेतला. ऑक्सफर्डमधील वुल्व्हरकोट दफनभूमीत दोघांची एकच समाधी आहे. शिळेवर त्यांच्या नावांखाली ल्यूथियन आणि बेरेन ही नावे कोरलेली आहेत. त्यांच्याच कथेतील एल्फकन्या आणि तिच्यासाठी मृत्यूलाही आव्हान देणारा मानव यांची ही नावे. ज्याला जग कल्पनारंजन म्हणत आले, त्याला या प्राध्यापकाने आपल्या आयुष्यातील सर्वांत जिव्हाळ्याच्या जागी स्थान दिले.