ज्या हवेने डिझेल इंजिन चाललं, तीच हवा आज ट्रक बंद पाडते : रुडॉल्फ डिझेल यांची गोष्ट

नंदुरबार : रात्री ट्रक भरून ठेवला. पहाटे तळोद्याहून घाट चढून धडगावला निघायचं. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली, पण इंजिन काही उचलत नाही. फिटर येतो, हँड पंप दाबून बघतो आणि एअर धरली म्हणून सांगतो. टाकीत डिझेल आहे, खाली थेंबभर गळती नाही, मग हवा शिरली कुठून? जुन्या गाडीवाल्यांना हा त्रास नवा नाही. पण ज्याच्या नावाचं तेल आपण टाकीत भरतो, त्या माणसाचं अर्धं आयुष्य हवा आणि तेल यांच्याच भांडणात गेलं, हे फार थोड्यांना माहीत असेल. डिझेल हे आधी माणसाचं आडनाव, तेलाचं नाव नंतर.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मन राज्यांची लढाई पेटली आणि कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाईकांकडे शिकायला पाठवलं. पोरगा हुशार निघाला. म्युनिकच्या तांत्रिक महाविद्यालयातून १८८० मध्ये तो अव्वल गुणांनी पास झाला आणि आपले गुरुजी कार्ल फॉन लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरीला लागला.

त्या काळी सगळीकडे वाफेची इंजिनं. शंभर रुपयांचा कोळसा जाळला तर जेमतेम दहा रुपयांचं काम मिळायचं. ही नासाडी डिझेल यांना बघवेना. अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवायचा प्रयोग केला, तर ते फुटलं आणि त्यांना कित्येक महिने दवाखान्यात काढावे लागले. तरी नाद सुटला नाही.

१८९२ मध्ये त्यांनी नव्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना साधी होती. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं. तसंच सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती लालबुंद लोखंडासारखी तापावी, आणि त्यात तेल सोडलं की ते आपोआप पेटावं. ठिणगी नको, प्लग नको.

कागदावर सोपं, करायला महाकठीण. आत एवढी दाबलेली हवा असताना तेल आत ढकलायचं कसं, आणि तेही धुक्यासारखं बारीक करून? ऑगस्ट १८९३ मधल्या ऑग्सबर्गच्या पहिल्याच चाचणीत धडाका झाला, वर बसवलेलं दाब मोजायचं यंत्र फुटून उडालं. जवळची माणसं थोडक्यात वाचली. फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर चाललं, तेही मिनिटभरच. तेल नेमकं ढकलणारा पंप त्या काळी बनत नव्हता. म्हणून त्यांनी वेगळा कॉम्प्रेसर लावला आणि त्याच्या जोरदार हवेनेच तेल आत फुंकलं. फेब्रुवारी १८९७ च्या चाचणीत इंजिनाने इंधनातली २६ टक्के उष्णता कामाला लावली. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त!

पण त्या कॉम्प्रेसरमुळे धूड फार जड झालं. पहिलं इंजिनच सुमारे तीन मीटर उंच होतं. गिरण्यांत, जहाजांत ते चाललं. रस्त्यावरच्या गाडीत बसवायचे डिझेल यांचे प्रयत्न मात्र फसले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या पद्धतीचं एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, आणि बघणाऱ्यांना फरकही कळला नाही.

पैसा आला तसा गेलाही. पेटंटचे वाद, तब्येतीची कुरबूर, जमिनी आणि तेलखाणींतली बुडीत गुंतवणूक. २९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी ते अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवर चढले. जेवले, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती. काही दिवसांनी एका डच नौकेला समुद्रात मृतदेह दिसला. त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. जीव दिला, अपघात झाला की घात, याचा उलगडा आजवर झालेला नाही.

ट्रकमध्ये डिझेल इंजिन आलं ते त्यांच्यामागे दहा वर्षांनी, १९२३-२४ मध्ये. १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने बनू लागले आणि हवेने तेल फुंकायची गरजच संपली. १९५१ मध्ये बंगळूरला मायको कंपनी निघाली. आपल्याकडचे फिटर पंपाला आजही मायको म्हणतात, ते त्यावरून.

इथूनच हवा वैरी झाली. नवा पंप डिझेलला ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या वीस-पंचवीस पट दाब देतो, तेव्हा कुठे नोझल उघडतं. डिझेल दबत नाही, हवा दबते. पंपात बुडबुडा असला की सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझल बंदच राहतं.

गळती दिसत नाही याचं कारणही इथंच आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढलं जातं. तिथे चीर असली तर डिझेल बाहेर न येता हवा आत जाते, आणि गाडी रात्रभर उभी राहिली की डिझेल मागे टाकीत उतरतं. फीड पंपाच्या पुढे फट असेल तर मात्र डिझेल ठिबकताना दिसतं. म्हणून आधी तडकलेला रबरी पाइप, सैल क्लिप, तांब्याचे जुने वायसर बघावेत. तरी सापडलं नाही तर डिझेलचा कॅन उंचावर बांधून नव्या पाइपाने थेट फीड पंपाला जोडावा. गाडी नीट चालली, तर दोष टाकी ते पंप एवढ्यातच.

दोष काढल्यावर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हँड पंप मारायचा, मग स्क्रू आवळायचा. तरी उचललं नाही तर सेल्फ मारताना नोझलचे नट जरा सैल करतात, पण हे फक्त जुन्या पंपाच्या गाड्यांना. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत त्या नटांना पाना लावू नये, आणि कुठल्याच गाडीत नोझलची फवारणी हाताने तपासू नये. ती कातडी फोडून आत शिरते.